पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन १९ दिवस झाले, वडील नुसते पडून आहेत. उठवायचं का आराम करू द्यायचा?

द्राक्षवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. रात्रीचे साडेअकरा झालेत, अण्णा झोपलेत का नुसते डोळे मिटून पडलेत कळत नाही म्हणून त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून टाइप करतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वडील वय ७६. बीपी आणि शुगरच्या गोळ्या दहाबारा वर्षं चालू आहेत पण माणूस एकदम काटक, रोज सकाळी बागेत जाऊन येणार, बांधावरनं पूर्ण एक चक्कर. श्रावणात पोट फुगायला लागलं, गॅस म्हणून ओवा झाला सोडा झाला, मग एका रात्री उलट्या थांबेनात आणि संडासही बंद, गाडीत घालून मिरजेला नेलं. सीटी केला तर मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ, रस्ताच बंद. त्याच रात्री ऑपरेशन. दुर्बिणीतनं नाही, उभा छेद, बेंबीच्या वर आणि खाली. उजवीकडचं आतडं काढून टाकलं आणि जोडलं, पोटावर संडासची पिशवी लावावी लागली नाही तेवढं एक बरं झालं. ११ दिवस दवाखान्यात, त्यातले ४ आयसीयूत. रिपोर्टात कॅन्सरच आला पण १६ लिम्फ नोड (आजूबाजूच्या रसग्रंथी) तपासले त्यातल्या एकातही नाही, या वयात केमो नको फॉलोअपला येत राहा म्हणाले. म्हणजे डॉक्टरांच्या मते ऑपरेशन एकदम यशस्वी.

पण घरी आलेला माणूस आमचा अण्णा नाही हो.

दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून. विचारलं तर हो-नाही. पेज दिली की चार चमचे आणि हातानं बाजूला सारतात. वजन ५८ होतं, परवा दोघांनी धरून काट्यावर उभं केलं तर ५१. आयसीयूत तिसऱ्या दिवशी सलाईनची सुई उपसून टाकलेली, मला पोलिसांनी इथं धरून ठेवलंय म्हणत होते, तेव्हा घाबरलो होतो पण नंतर शांत झाले म्हणून बरं वाटलं. आता वाटतंय ते जास्तच शांत झालेत. मधेच रात्री उठून आईला विचारतात एसटी गेली का. आत्या रोज अंगारा लावून जाते, लावू दे, मी काय बोलत नाही.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. आत्या आणि आई म्हणतात पोटावर एवढे टाके, हलवू नका, आतनं सुटलं तर काय करशील. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणतो चालव त्यांना. तो म्हणतो फोनवर, इथं उचलायचं आम्हाला. दवाखान्यातनं येताना कागदावर फक्त "हलका आहार व विश्रांती" लिहिलंय, आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं फुंकायचं खेळणं दिलंय ते कपाटावर पडून आहे.

म्हणजे प्रश्न असा की हे नॉर्मल आहे का, किती दिवस चालतं, आणि जबरदस्तीनं उठवायचं का. ताप नाही, उलटी नाही, टाक्यांतनं काही येत नाही, संडास एक दिवसाआड होतीय पण घट्ट.

---

मेधा_ठाणे

दादा सगळं वाचलं आणि दोन वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यासमोर आलं. सासूबाई ७९, जठराचं ऑपरेशन. आम्हीसुद्धा अगदी हेच केलं, पलंग उंच करून दिला, बेल दिली हाताशी, चहा पलंगावर, जेवण पलंगावर, पॉट पलंगाखाली, सेवा म्हणजे काय तर त्यांना एक बोट हलवू द्यायचं नाही. पंधरा दिवसांनी त्यांना बाथरूमला न्यायला उभं केलं तर गुडघे असे वाकले की मी आणि मिस्टर दोघं खाली. नशीब हाड मोडलं नाही. तेव्हा एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायला लागल्या, त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं सांगू का, पलंगाशेजारी एक खुर्ची ठेवली हातवाली आणि मला म्हणाल्या आजपासून पलंगावर ताट आणायचं नाही. भूक लागली तर खुर्चीत. बास. दोन दिवस माझ्यावर चिडल्या, सूनबाई छळते असं नणंदेला फोनवर सांगून झालं.

उठवताना हात धरून ओढू नका हां, आम्ही ओढायचो आणि त्या किंचाळायच्या. कुशीवर वळवायचं आधी, गुडघे वाकवून, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरावर जोर देऊन वर. पोटाला ताण येतच नाही जवळजवळ. आणि खोकला आला की उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. ही उशी सासूबाई पुढे तीन महिने सोबत घेऊन फिरत होत्या, लग्नाला पण नेली, पैठणी आणि उशी.

आणि एक अगदी साधं विचारते. चष्मा लावतात का? कवळी आहे का? आमच्याकडे चष्मा आयसीयूत काढून घेतलेला तो औषधांच्या पिशवीत तळाशी होता आठ दिवस. बाई भिंतीकडे बघत बसायच्या कारण त्यांना काही दिसतच नव्हतं.

---

आरोग्यधन_९

अशक्तपणा आहे दुसरं काही नाही. कंपाउंडर घरी बोलवून ताकदीच्या दोन बाटल्या लावा, त्यात मल्टीविटॅमिन सोडायला सांगा, दुसऱ्या दिवशी चालायला लागतील. आमच्या गावात सगळे हेच करतात.

---

भूलवाला

मी सोलापूरला भूलतज्ज्ञ आहे, अशा ऑपरेशनला भूल देणं हेच माझं रोजचं काम. इथे बसून पेशंट तपासता येत नाही, त्यामुळे जे लिहितो ते तुमच्या सर्जनना विचारण्यासाठीचे मुद्दे समजा.

आधी बाटलीचं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर किती असते, २५ ग्रॅम. म्हणजे साधारण १०० कॅलरी. एक ग्लास म्हशीचं दूध त्यापेक्षा जास्त देतं, प्रोटीन वर फुकट. शुगरच्या पेशंटला ती बाटली, वर ७६ वर्षांचं हृदय, त्यात लिटरभर पाणी शिरेतून ओतलं तर पायाला सूज आणि छातीत पाणी एवढंच मिळेल. माणूस तोंडानं पिऊ शकत असेल तर कृपया नको.

आता अण्णांबद्दल. आयसीयूतलं ते पोलिसांचं प्रकरण म्हणजे डेलिरियम, आजारपणात अचानक होणारा भ्रम, वयस्कर पेशंटमध्ये मोठ्या ऑपरेशननंतर आम्ही कायम बघतो. पण त्याचे दोन चेहरे असतात. सुई उपसणारा, ओरडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, सिस्टर पळत येतात. दुसरा गप्प पडून राहतो, कुणाला त्रास देत नाही, नातेवाईक म्हणतात आता शांत झाले. तो बरा झालेला नसतो. तुम्ही लिहिलंय ना, जास्तच शांत झालेत, तिथे मी थांबलो. दिवसा ग्लानी आणि रात्री एसटी गेली का, हे तेच उरलेलं असू शकतं. हे वेड नाही, बाहेरचं नाही, आणि बहुतेक वेळा याला कारण सापडतं, म्हणून कारण शोधायचं.

कुठे शोधायचं? सगळ्यात आधी गोळ्यांच्या पिशवीत. दुखण्याची गोळी कोणती आहे बघा. ट्रॅमाडॉल असेल तर म्हाताऱ्या माणसाला गुंगी, भ्रम, मळमळ आणि घट्ट संडास हे सगळं एकटं ती करू शकते, आणि १९ दिवसांनी बऱ्याच जणांचं साध्या पॅरासिटामॉलवर भागतं. झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा डॉक्टरांना, मनानं एकदम बंद मात्र करू नका. मग शुगरची गोळी. ही माझी सर्वात मोठी शंका आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी ५८ किलोच्या, दोन वेळा भाकरी खाणाऱ्या माणसाला दिलेली, आता ५१ किलो आणि चार चमचे पेज, डोस तोच. शुगर खाली जाते, माणूस सुस्त पडतो, पहाटे बरळतो, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा. उद्या पहाटे, आणि दुपारी ते ग्लानीत असतील तेव्हा, ग्लुकोमीटरनं बघा. ७० च्या खाली आली तर साखरपाणी पाजून लगेच फोन. बीपीच्या गोळीचं तसंच, झोपून बीपी घ्या आणि उभं केल्यावर मिनिटभरानं परत घ्या, वरचा आकडा २० नं पडत असेल तर चक्कर येऊन पडणार. शिवाय रक्तातलं सोडियम, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, ओटीपोटात लघवी तुंबलीय का. हे सगळं तालुक्याच्या ठिकाणी एका सकाळीत होतं.

टाक्यांची भीती. पोटाचा आतला मजबूत थर सर्जननी जाड दोऱ्यानं शिवलेला असतो, तो चालण्यानं सुटत नाही. सुटायला कारण होतं ते जोरात कुंथणं, सततचा खोकला, जखमेत पू, आणि अंगात प्रोटीन नसणं. म्हणजे पडून राहून छातीत कफ साठला आणि पेजेवर ठेवून प्रोटीन घटलं तर उलट टाक्यांना धोका जास्त. वजन उचलायचं नाही हे खरं, साधारण ६ आठवडे ४-५ किलोच्या वर काही नको, बागेतली पाटी तर अजिबात नको. चालायला कसलीच बंदी नाही.

ते तीन गोळ्यांचं खेळणं फुंकायचं नाही!! ओढायचं. स्ट्रॉनं ऊस-रस ओढल्यासारखा श्वास आत घ्यायचा, गोळ्या वर जातात. निम्मे पेशंट उलटं करतात कारण कुणी सांगितलेलंच नसतं. जागे असताना तासाला दहा वेळा.

आहार. "हलका आहार" या दोन शब्दांनी किती म्हातारी माणसं उपाशी राहिली याची गणती नाही. बरं होताना शरीराला दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे अण्णांना ६० ते ७५ ग्रॅम, किडनी ठीक असेल तर. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी विचारा. वाटीभर पेजेत प्रोटीन असतं एक-दोन ग्रॅम. एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच. पेज द्यायची तर तिच्यात दूध पावडर घाला, मुगाचं वरण घट्ट करा, पनीर कुस्करून, अंडं घरात चालत असेल तर भुर्जी, चालत असेल तर मऊ शिजवलेलं चिकन. तीन वेळा ताट नको, दर दोन तासांनी वाटी. तिखट-तेलकट थोडे दिवस कमी ठेवा बाकी पथ्य काही नाही, जोडलेलं आतडं वरणाला घाबरत नाही.

आणि डिस्चार्ज कार्डावर पोटात टोचायचं रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन लिहिलंय का बघा. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा ४ आठवडे चालू ठेवतात, पडून राहणाऱ्याच्या पायात गुठळी होते म्हणून. लिहिलेलं नसेल तर का नाही एवढं विचारा. एक पोटरी सुजली, दुखली, अचानक धाप लागली तर थांबू नका. ताप, उलट्या, पोट परत फुगणं, नाडी सारखी १०० च्या वर, जखमेतून पाणी किंवा पू, लघवी अगदी कमी, हे पण त्याच रांगेतलं, रात्र असली तरी गाडी काढायची.

किती दिवस? अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास छापून आला होता, पोटाची मोठी ऑपरेशनं झालेले ३७२ पेशंट, सगळे ६० किंवा त्यापुढचे, त्यांना ६ महिने पाहिलं. डोकं सरासरी ३ आठवड्यांत जागेवर आलं, चालण्याचा वेग ६ आठवड्यांत, अंघोळ-कपडे ही रोजची कामं ३ महिन्यांत, बाजारहाट-हिशेब-स्वयंपाक असली कामं ६ महिन्यांत. आणि मुठीची ताकद ६ महिन्यांनंतरही पहिल्यासारखी झाली नव्हती. हे सरासरी आकडे, तुमच्याकडे तर रात्रीत केलेलं ऑपरेशन, त्यामुळे अजून सढळ हातानं वेळ धरा. १९ दिवसांत अण्णा बांधावर नाहीत यात गैर काही नाही. पण १९ व्या दिवशी १२ व्या दिवसापेक्षा मागे जात असतील तर ते गैर आहे.

लांबलं. रात्रपाळी आहे.

---

फिजिओ_लेस्टर

मी मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडमध्ये सर्जिकल वॉर्डला फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टरांनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे, मी थोडी भर घालते. आमच्याकडे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंट खुर्चीत असतो, नळ्या लोंबत असल्या तरी. यामागे डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट नावाच्या सर्जनचं काम आहे, १९९० च्या दशकात त्यांनी आतड्याच्या ऑपरेशनचे पेशंट लवकर खायला घालून, लवकर चालवून, दुखणं नीट आटोक्यात ठेवून २-३ दिवसांत घरी पाठवून दाखवले तेव्हा लोकांना खरं वाटत नव्हतं. आता भारतातल्या पण बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत ईआरएएस (ऑपरेशननंतर लवकर बरं करायची पद्धत) म्हणून हेच करतात. अर्थात तुमच्यासारख्या इमर्जन्सीत एवढ्या वेगानं नाही होत, इथेही नाही होत, आणि म्हणूनच इथे इमर्जन्सी पोट उघडलेल्या ८० च्या पुढच्या, किंवा ६५ च्या पुढच्या पण नाजूक तब्येतीच्या पेशंटला सर्जनशिवाय वृद्धांच्या डॉक्टरांनीही बघायचं असा दंडक आहे. तुमच्याकडे ते काम तुमच्या फॅमिली फिजिशियनकडून करून घ्या, सर्जनची भूमिका टाक्यांपाशी संपते बऱ्याचदा.

पडून राहण्यानं काय होतं त्याचा एक प्रयोग मला कायम आठवतो. धडधाकट, आजारी नसलेल्या साधारण ६५-७० वर्षांच्या लोकांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर फक्त पायांचंच जवळजवळ १ किलो मांस गेलं. ऑपरेशन नाही, उपास नाही, काही नाही. अण्णांचे ७ किलो कुठे गेले ते यावरून कळेल.

व्यायाम एकच सांगते. हातवाल्या खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी दोनदा जमलं तर दोनदा. सकाळ-दुपार-संध्याकाळ. तुम्ही समोर उभे राहा पण उचलू नका. आणि लुंगी-बनियन, हॉस्पिटलचा गाऊन असलं जे काही अंगात असेल ते सकाळी काढून रोजचे कपडे घाला, धोतर-सदरा जे असेल ते. इथे वॉर्डांमध्ये त्यावर मोहीमच झाली होती, पेशंटला नाइटड्रेसमधून बाहेर काढा म्हणून. कपडे बदलले की माणूस पेशंट कमी वाटतो, त्याला स्वतःलाही.

"चला अण्णा, चालायचंय" म्हणू नका. कुणी नुसतं चालायला चालत नाही. कुठेतरी जायचं असेल तर चालतं.

---

आजोबा_रत्नागिरी

वय ८१. तीन वर्षांपूर्वी माझेही पोट असेच उभे फाडले होते, त्यामुळे या विषयात मी तज्ज्ञ. वर सगळ्यांनी अण्णांबद्दल लिहिले आहे, अण्णांच्या बाजूने कोणी नाही, म्हणून चार ओळी.

दवाखान्यात रोज सकाळी सातआठ माणसे पलंगाभोवती उभी राहायची आणि एकच विचारायची, आजोबा, वारा सरला का? आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, इतक्या आस्थेने माझी चौकशी कोणी केली नव्हती. ज्या दिवशी सरला त्या दिवशी सून बाहेर जाऊन मुलाला फोन करून आनंदाची बातमी देत होती ते मी ऐकले. तेव्हापासून ठरवले की आता कमी बोलायचे. माणसाचे सगळे शरीर सार्वजनिक झाले की तोंड तेवढे खाजगी राहते.

तुम्हाला वाटते म्हातारा हट्ट करतो, खात नाही. मला सगळे लोखंडासारखे लागायचे. मासळीसुद्धा! आमच्याकडे मासळी लोखंडासारखी लागणे म्हणजे जगण्यात राम नाही. साधारण दीड महिन्याने एकदा ताकात आले-मीठ घालून दिले ते गोड लागले, तिथून चव परत आली.

पाणी का पीत नव्हतो माहीत आहे का? प्यायलो तर रात्री लघवीला उठावे लागणार, उठायचे तर बायकोला उठवावे लागणार, ती बिचारी ७५ ची, गुडघे दुखतात तिचे. म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. डॉक्टर म्हणाले डिहायड्रेशन, सगळे मला ओरडले, कारण कोणी विचारले नाही. शेवटी नातवाने पलंग ते संडास अशी भिंतीला दोरी बांधली आणि एक बारका दिवा लावला. मग पिऊ लागलो.

आणि भीती. खोकला आला की वाटायचे आतले सगळे बाहेर येणार. ही भीती सांगायला लाज वाटते. मुलासमोर तर नाहीच.

ते आयसीयूमधले म्हणाल तर मला तिथे छताला मुंग्यांची रांग दिसत होती, पत्रे वाहून नेणाऱ्या. इतकी खरी की आजही आठवते. नंतर कित्येक दिवस मला वाटायचे, आपल्याला वेड लागतेय आणि हे बोललो तर खरेच ठरेल. तुमच्या अण्णांना एकदा सांगून बघा की अण्णा, ते पोलिसांचे झाले ना तसे पुष्कळ जणांना होते, औषधांनी होते. कदाचित तेवढ्यासाठीच गप्प असतील.

---

पाटीलबुवा

आजोबा 🙏 काय लिहिलंत.

---

द्राक्षवाला_तासगाव

मंडळी सगळ्यांना उत्तर द्यायला १३ दिवस लागले, माफ करा. एकेक सांगतो.

भूलवाला डॉक्टर, पहाटे पाचला शुगर बघितली. ५८. आईनं साखरपाणी पाजलं आणि वीस मिनिटांनी अण्णा म्हणाले, लाइट कशाला लावलाय एवढा. मी तिथंच खाली बसलो. फिजिशियनला फोन केला तर त्यांनी शुगरची गोळी सध्या पूर्ण बंद केली, बीपीची निम्मी केली, पाच दिवसांनी परत सगळं बघितलं. सोडियमही कमी निघालं. दुखण्याची गोळी तुम्ही म्हणालात तीच होती, आणि मेडिकलवाल्यानं संपली की परत द्यायची म्हणून मीच आणत होतो. ती सर्जनना विचारून थांबवली. इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाले लिहायचं राहिलं असेल, मग उरलेले दिवस दिलं. राहिलं असेल. असो.

मेधाताई, कवळी! तुमचं वाचून बायको उठली आणि दवाखान्यातली पिशवी पालथी केली, स्टीलच्या डबीत, कापसात गुंडाळून. ऑपरेशनच्या रात्री काढून दिलेली ती तशीच. म्हणजे ३ आठवडे माणूस नुसत्या हिरड्यांवर आणि आम्ही म्हणतोय खात का नाही. आईला इतकं लागलं ते, दिवसभर स्वतःला दोष देत होती. मला पण सुचलं नव्हतं तर तिला काय दोष.

आजोबा, तुमचा निरोप मी तसाच दिला. रात्री शेजारी बसून म्हणालो अण्णा, ते पोलिसांचं झालं ना तसं रत्नागिरीच्या एका पोस्टातल्या आजोबांना मुंग्या दिसायच्या. पंधरावीस सेकंद काही नाही. मग विचारलं, पत्रं कुणाची होती? आणि हसले हो. मग म्हणाले मला अजून मधेच वाटतं दाराबाहेर कोणतरी उभं आहे. मी म्हणालो मीच असतो, खुर्ची टाकून.

आता खरं कौतुक फिजिओताईंचं. आमच्याकडं फळछाटणी सुरू झालीय, परवा टोळी आली बागेत. दहाबारा दिवस खुर्ची-उठ-बस चालू होती, दोनावरनं सहावर आलेले, कुरकुर करत. छाटणीच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम सदरा-टोपी पलंगावर ठेवली आणि म्हणालो टोळीवाला विचारतोय किती डोळ्यांवर (म्हणजे काडीवर किती फुटवे ठेवून) छाटायचं, मला नक्की आठवत नाही. मला आठवतं, ३० वर्षं बघतोय. अण्णा माझ्याकडं बघत राहिले, तुला आठवत नाही? असं म्हणून इतकी जुनी शिवी दिली की आई स्वयंपाकघरातनं धावत आली. घर ते बागेचं पहिलं टोक माझ्या पावलांनी दीडशे पावलं असतील, त्यांना मधे दोनदा बसायला लागलं, पोरगं मागनं प्लास्टिकची खुर्ची घेऊन आणि पोटाला पट्टा आणि हातात उशी (मेधाताई, पैठणी नव्हती फक्त). तिथं बसून अर्धा तास टोळीला पिडलं. आल्यावर चार तास झोपले, घाबरलो, पण उठून स्वतः म्हणाले ज्वारीची भाकरी कुस्कर दुधात.

सगळं छान झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी खोलीतनं बाहेर आले नाहीत. रात्रीची झोप अजून नाही, दुपारी झोपू देत नाही म्हणून माझ्याशी भांडण. वजन ५१.५. अंडं खात नाहीत, चिकन नाही, कार्तिक एकादशी होईपर्यंत नाही म्हणजे नाही, तर दूध-वरण-पनीर-शेंगदाण्याचा कूट यावर ओढतोय, फार तर ५० ग्रॅम प्रोटीन होत असेल. शिवाय एकदम रडू येतं त्यांना, कुणी भेटायला आलं की, आयुष्यात अण्णांना रडताना बघितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांची वेळ ५ ते ६ करून टाकली, आत्याला सोडून. आत्याला कोण सांगणार.

एक शेवटचं विचारतो. कवळी सापडली पण आता ढिली झालीय, बोलताना खाली येते, म्हणून शेंगदाणे वगैरे अजून कुटूनच. नवीन करून घेऊ का आता?

---

भूलवाला

५८ वाचून पोटात गोळा आला. वेळेवर बघितलंत.

रडण्याचं फिजिशियनच्या कानावर घाला, मोठ्या आजारानंतर येतं आणि बऱ्याचदा ओसरतं, पण दोनचार आठवडे तसंच राहिलं, जेवण परत कमी झालं, जगून काय करू अशी भाषा आली तर त्यावर औषध आहे. ५० ग्रॅम वाईट नाही. दूध पावडर वाढवा.

---

मेधा_ठाणे

कवळी आत्ता नवीन नको दादा, वजन अजून बदलणार, परत ढिली नाहीतर घट्ट होईल. सासूबाईंची आम्ही चार महिन्यांनी केली. तोपर्यंत मेडिकलमध्ये कवळी चिकटवायची पेस्ट मिळते, आणि दाताच्या डॉक्टरांकडे नेलंत तर आहे त्याच कवळीला आतून अस्तर लावून देतात, अर्ध्या तासाचं काम. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची. आम्ही पहिल्या दिवशी इतकी लावली की रात्री कवळी निघेना.

---

आजोबा_रत्नागिरी

पत्रे कोणाची होती ते मलाही कळले नाही असे अण्णांना सांगा. पत्त्याची बाजू खाली होती.